खाणीच्या तळाशी जाणारा डबा

शुक्रवार, १२ मार्च २००४
नळ पहाटे ५.४० ला आला, ६.२० ला गेला. एक पिंप भरले. आज लूमची सुट्टी, गल्ली शांत. धनेश सातच्या आधीच चहा न घेता गेला. निशा म्हणते, हिरामणच्या टेम्पोतून. अंगणातला डबा जागेवर नाही. घड्याळ माझ्याकडे आहे. मी गेले नाही. दुपारी वांग्याची भाजी व भाकरी. १२.५० झाले. अजून आला नाही.

एवढं लिहून पार्वतीबाईंनी पेनाला टोपण लावलं. रोजच्या नोंदीचा दुपारचा भाग संपला होता. संध्याकाळचा भाग दिवा लावल्यानंतर लिहायचा, हा त्यांचा पन्नास वर्षांचा शिरस्ता. ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या बोर्डिंगला होत्या, तेव्हा सिस्टर सगळ्या मुलींना रोज वही लिहायला लावायच्या आणि एकच अट घालायच्या: जे घडलं ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते नको. मुली कंटाळून सोडून द्यायच्या. मिठागरवाल्याची पार्वती मात्र लिहीत राहिली. लग्न होऊन भिवंडीत सावळाराम पाटलांच्या घरी आली, घरामागच्या शेडमध्ये आठ लूम, कापड विणायचे यंत्रमाग, खडखडत होते, त्या आवाजातही तिची वही चुकली नाही. इंग्रजीचं मराठी झालं, एवढाच फरक.

सावळारामपंत वारून पंधरा वर्षं झाली होती. त्यांचं मनगटी घड्याळ पार्वतीबाईंच्या पदराला बांधलेलं असायचं. त्या शुक्रवारी ते सकाळपासून त्यांच्या मुठीत होतं.

त्या घड्याळाची आणि धनेशची गोष्ट जुनी आहे.

धनेश नऊ वर्षांचा असताना सगळं कुटुंब वज्रेश्वरीला गेलं होतं. देवीचं दर्शन झालं आणि मंडळी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर आली. बाकीची पोरं पायाचा अंगठा बुडवून ओरडत होती. धनेशनं नाक चिमटीत धरलं आणि तो डोक्यासकट खाली गेला. वर आला तेव्हा तोंड उकडलेल्या रताळ्यासारखं लाल झालं होतं. दुसरी आई असती तर पाठीत धपाटा घातला असता. पार्वतीबाईंनी नवऱ्याच्या मनगटाकडे पाहिलं होतं.

"एक्केचाळीस सेकंद," त्या म्हणाल्या.

"खरं, आई? मोजलंस?"

"मोजलं."

"मग थांब, परत जातो."

त्या थांबल्या. दुसऱ्यांदा शेहेचाळीस झाले. घरी आल्यावर दोन्ही आकडे वहीत गेले. आपण त्या दिवशी धपाटा का घातला नाही, याचा विचार त्यांनी पुढे पुष्कळदा केला. लग्न झाल्यापासून त्यांना कुणी काही मोजायला सांगितलं नव्हतं. भाकऱ्या, पिंपं, पाहुणे, एवढंच. शाळेत गणितात त्यांचा पहिला नंबर असायचा. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो आकडा ऐकायला थांबला होता.

मग ते वाढतच गेलं. पपईच्या देठाची नळी तोंडात धरून धनेश गावच्या तळ्यात बुडून बसायचा. देठ तोकडं पडतं म्हणून त्यानं कुठूनशी सहा फुटांची रबरी नळी आणली आणि ती धरून खाली गेला. तेवढ्या खोलीवर छातीवर पाणी असं दाबतं, की वरची हवा ओढायची ताकद राहत नाही. तो वर आला तो नाकातून रक्त घेऊनच. पार्वतीबाईंनी पदरानं रक्त पुसलं आणि वहीत लिहिलं, 'सहा फूट. नळी निरुपयोगी.'

बारा वर्षांचा झाल्यावर त्यानं तेलाचा पत्र्याचा डबा कापला, समोर काच बसवली, कडा डांबरानं लिंपल्या आणि तो डोक्यावर चढवला. डब्याला नळी, नळीला सायकलचा पंप, कमरेला दोरी, आणि पंपावर हिरामण. हिरामण शेजारच्या लडकूचा पोरगा, धनेशच्याच वयाचा, सांगितलेलं काम दम लागेस्तोवर करणारा. ठिकाण होतं शेलार गावाच्या पुढची पडीक दगडखाण.

त्या खाणीबद्दल पंचक्रोशीत एकच कहाणी होती. म्हणे सुरुंग लावताना तळाचा झरा फुटला, आणि एका रात्रीत खाण भरली. कामगार जीव घेऊन पळाले. त्यांनी दगडात कोरलेला मारुती तळाशीच राहिला. उन्हाळ्यात पाणी निवळलं की त्याचा शेंदूर दिसतो, असं सांगणारे शंभर होते. पाहिलेला एकही नव्हता. धनेशला तो पाहायचा होता.

पार्वतीबाई काठावर घड्याळ घेऊन बसल्या. हिरामण पंप मारत होता. मिनिट झालं, दीड मिनिट झालं. एक मिनिट पन्नास सेकंदांना पार्वतीबाई उठल्या.

"ओढ त्याला."

"काकी, त्यानं दोरी न्हाय हलवली. हलवल तवा..."

"ओढ म्हणते ना."

दोघांनी मिळून ओढला. डब्यात नाकापर्यंत पाणी भरलं होतं आणि पोरगा निळा पडला होता. हिरामणनं पालथा घालून पाठ चोळली, तेव्हा कुठे त्याचा श्वास परत आला. घरी सावळारामपंतांनी पट्टा काढला. पट्टा खाऊन झाल्यावर पार्वतीबाईंनी धनेशला देव्हाऱ्यासमोर उभा केला आणि शपथ घातली: आईच्या घड्याळाशिवाय पाण्यात जायचं नाही.

"आणि तुझं घड्याळ असेल तर?" त्यानं हुंदके देत विचारलं.

तेव्हाच त्यांनी 'तरीही नाही' म्हणायला हवं होतं. त्या गप्प राहिल्या. गप्प राहणं म्हणजे हो, हे आई आणि मुलगा दोघंही समजले.

ती शपथ धनेशनं तीस वर्षं पाळली. सोळाव्या वर्षी तो वडिलांच्या शेडमध्ये उभा राहिला, मग पाणी मागे पडलं. सूत तुटलं की लूम थांबवायचा, दोन टोकं चिमटीत धरायची, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. एका शिफ्टमध्ये दोनशे-तीनशे गाठी. पुढे पुढे बोटं इतकी सरावली, की तो बोलता बोलता, चहा पिता पिता गाठ मारायचा आणि आपण मारली हे त्याला कळायचंही नाही. लूमवरची गाठ बारीक असते, चपटी असते आणि काही झालं तरी सरकत नाही. कापडात तिचा हाच गुण.

मग लूमलाच वाईट दिवस आले. एकामागून एक शेड बंद पडल्या. शेतांवर भराव पडून तिथे गोडाऊनं उठली. २००३ च्या दिवाळीनंतर धनेशचे आठही लूम भंगारात गेले. ज्या दिवशी शेवटचा लूम टेम्पोत चढला, त्या दिवशी पार्वतीबाईंनी लिहिलं, 'शेड रिकामी. आवाज नसल्याने झोप लागली नाही.' धनेशचं बोलणंच गेलं. दिवसभर तो रिकाम्या शेडमध्ये बसायचा, आणि त्याची बोटं एकमेकांशी खेळत राहायची, नसलेलं सूत जोडत.

डिसेंबरात एके दिवशी तो उठून बाहेर गेला आणि संध्याकाळी दोन जाड पत्र्याची पिंपं घेऊन आला. साइजिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या, बंद कारखान्यातली. वेल्डर आला तो गोरखपूरचा.

"सेठ, ये क्या बनेगा? पानी की टंकी?"

"टंकीच. फक्त उलटी. टंकी में पानी अंदर रहता है, इसमें बाहर रहेगा."

वेल्डरनं पार्वतीबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून तांदूळ निवडत होत्या. पण त्यांना कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना भीतीच्या आधी दुसरंच काही वाटलं होतं. महिन्याभरानं मुलगा हसला होता.

निशाला, त्यांच्या सुनेला, हसू आलं नाही. "लोकांचे नवरे लूम विकून गोडाऊन बांधतात," ती भांडी घासता घासता म्हणाली, "आमचे लूम विकून डबा बांधतात. आणि सासूबाई तांदूळ निवडतात."

डबा उभा राहिला. एकावर एक जोडलेली दोन पिंपं, आतून लोखंडी कड्यांचा आधार, वर झाकण, झाकणाला रबर, समोर ट्रकच्या हेडलाइटची काच. आत एक माणूस गुडघे दुमडून कसाबसा मावायचा. डबा आपणहून बुडत नाही म्हणून खाली लूमची बिडाची वजनं पोत्यात भरून सुती दोरानं टांगायची. त्या दोराला सुरगाठ. सुरगाठीचं टोक एका दांड्याला बांधलेलं, आणि दांडा पत्र्यातून आत आलेला. आतून दांडा ओढला की गाठ सुटणार, वजनं तळाला जाणार, डबा वर येणार. शिवाय काठावर लूमचा जुना बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळायचा जाड लोखंडी रूळ, दोन खुंटांवर आडवा ठेवलेला. त्यावरचा दोर डब्याला. हिरामणनं बीम फिरवला की डबा वर. हिरामणही आता रिकामाच होता, त्याचीही ड्युटी सुटली होती.

जानेवारीत अंगणातच तालीम झाली. धनेश डब्यात बसला, झाकण लावलं, पार्वतीबाई काचेसमोर स्टूल घेऊन बसल्या. दर पाच मिनिटांनी त्या पाटीवर पाढा लिहून दाखवायच्या, आणि धनेशनं बोटांनी उत्तर द्यायचं. तिसाव्या मिनिटापर्यंत बरोबर. पस्तिसाव्याला त्यांनी नऊ सक लिहिलं आणि धनेशनं चौपन्नाऐवजी नुसती चार बोटं दाखवून, हसून, डोळे मिटले. झाकण उघडल्यावर तो म्हणाला, "किती छान झोप येत होती, आई."

त्या रात्री, आतल्या हवेचा हिशेब करून, वहीत नियम लिहिला गेला: 'पंचवीस मिनिटे. नंतर काहीही असो, बीम फिरवणे. उतरण्याआधी गाठ मी स्वतः तपासणे.' गाठ तपासायचं कारण होतं. तालमीत तीनदा धनेशनं सुरगाठ म्हणून जी मारली, ती लूमवरची गाठ निघाली होती. "बोटं ऐकत नाहीत," तो म्हणाला होता. पार्वतीबाईंनी तिन्ही वेळा त्याला ती सोडायला लावली. कोरड्यात ती नखानं सुटली. सूत ओलं झालं की फुगतं आणि चिवट होतं, हे दोघांनाही सांगायला नको होतं.

होळी झाली आणि पाणी निवळलं. गुरुवारी संध्याकाळी धनेश त्यांच्याजवळ येऊन बसला.

"आई, उद्या सुट्टी आहे. खाणीवर कुणी कपडे धुवायलापण नसतं. येशील ना?"

पार्वतीबाई दिवसभर याचीच वाट पाहत होत्या. गेले आठ दिवस त्यांना अंगणातला डबा दिसायचा आणि डब्याच्या काचेमागे बारा वर्षांचं निळं तोंड दिसायचं. निशा त्या दिवशी दुपारी त्यांच्या पाया पडली होती. आपण नाही म्हटलं की सगळं थांबतं, हे त्यांना ठाऊक होतं. एवढी एकच किल्ली त्यांच्या हातात होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी येणार नाही, आणि घड्याळ देणार नाही."

"का?"

"माझं वय झालं. मला आता मोजायचं नाही."

धनेशच्या हातात दोऱ्याचा तुकडा होता, त्याला तो गाठ मारत होता आणि सोडत होता.

"बेचाळीसचा होईन आता," तो म्हणाला. "सांगायला काय आहे माझ्याकडे? आठ लूम होते, भंगारात गेले. एक मारुती बघायचा होता."

"मारुती देवळात पण आहे."

"तो सगळ्यांनी बघितलाय." तो उठला. "बरं."

ते 'बरं' पार्वतीबाईंनी होकार म्हणून धरलं. वहीत लिहिलं, 'धनेशला नकार दिला. त्याने ऐकले.'

सकाळी अंगणात डब्याच्या जागी मातीवर नुसता गोल वळ दिसला, तेव्हा त्या दारातच थांबल्या. निशा म्हणाली, "जा ना सासूबाई. रिक्षा आणते. तुमचं ऐकतील."

त्यांनी पायांत चपलाही घातल्या होत्या. मग त्यांच्या मनात आलं, घड्याळ घेऊन खाणीवर गेले म्हणजे मी हो म्हटल्यासारखंच होईल. मला काठावर पाहिलं की तो खुशाल खाली जाईल. मी नसले तर रुसेल, डबा रिकामाच पाण्यात सोडून बघेल, ऊन चढलं की भूक लागून घरी येईल. शपथ आहे त्याला. त्यांनी चपला काढून ठेवल्या.

"तो जाणार नाही माझ्याशिवाय," त्या म्हणाल्या. निशानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती आत गेली.

एक वाजून दहा मिनिटांनी हिरामण आला. एकटाच. कपडे ओले, हाताची कातडी सोललेली. तो दारातच खाली बसला.

"काकी," तो म्हणाला. निशानं त्याला पाणी दिलं. ते त्यानं प्यायलं नाही, हातात धरून ठेवलं.

"कुठे आहे?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"सरकारी दवाखान्यात न्हेला. डॉक्टर बोलला, उगाच आनला."

निशाचा आवाज आतून आला आणि मग शेजारच्या बायका धावत आल्या. पार्वतीबाई तिथेच उभ्या होत्या.

"किती मिनिटं?" त्या म्हणाल्या.

"काकी, घड्याळ कुठं व्हतं आमच्याकडं."

"मग बीम कधी फिरवलास?"

हिरामणनं मान वर केली. म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. "मी बोललो त्याला, काकीनं पंचवीस सांगितलीत, मी अंदाजानं वढतो. तो हसला. बोलला, आई घाई करते नेहमी. लहानपनीपन घाईच केली, अजून खाली पोचलो नव्हतो. आज आई न्हाय, आज सुखानं बघू दे. मी वजनं सोडली म्हंजे वर येतो, तवर बीमला हात लावू नको." त्यानं ओठ पुसले. "मी बसलो, काकी. पाच-सहा बिड्या वढल्या. सावली आंब्याच्या बुंध्याला व्हती, ती सरकून पार पान्यावर आली. मंग मला ऱ्हावलं न्हाय. वढला तर वजनं तशीच खाली. सोडलीच न्हायत त्यानं."

त्यानं खिशातून सुती दोराचा एक तुकडा काढला, सुरीनं दोन्हीकडून कापलेला. मधोमध गाठ होती, ओली, सुपारीसारखी घट्ट.

"आतला दांडा वाकलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "लई जोर लावला असनार."

पार्वतीबाईंनी तुकडा हातात घेतला. पाहायची गरज नव्हती, बोटांनाच कळलं. नीट, बारीक, चपटी गाठ. एकही चूक नसलेली. पंचवीस वर्षांत त्यानं अशा लाखो मारल्या होत्या, आणि त्यातली एकही सुटली नव्हती.

"त्यानं बघितला का?" त्या म्हणाल्या.

"काय, काकी?"

"मारुती."

हिरामण रडायला लागला. धनेशनं पेन्सिल आणि कागद नेला होता, हिरामण सांगू लागला, तुमच्यासारखं लिहायचं म्हणून. कागद पोलिसांकडे आहे. त्यावर दोनच ओळी होत्या. 'पाणी गढूळ. काहीच दिसत नाही.' पुढे वेळ लिहायला जागा सोडली होती, ती रिकामी होती.

दुपारभर माणसं येत राहिली. चिरफाड झाल्याशिवाय धनेशला घरी देणार नव्हते, म्हणजे उद्या सकाळी. शेजारची धोंडूबाई निशाला कुशीत घेऊन बसली होती. कुणीतरी पार्वतीबाईंना भिंतीला टेकवून बसवलं, कुणीतरी चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली. त्यांच्या मुठीतलं घड्याळ कुणीही मागितलं नाही. ते टिकटिकत होतं. त्यांच्या मनात पुन्हापुन्हा एकच हिशेब येत होता: सातला टेम्पो निघाला, आठला खाणीवर, नऊला उतरला असेल. नऊ पंचवीसला मी वांगी चिरत होते. गाठ तर तो उतरायच्या आधीच मी पाहिली असती. पाहिली असती आणि म्हटलं असतं, सोड, परत मार. त्यानं जीभ बाहेर काढून परत मारली असती.

'नाही' म्हणून आपण त्याला थांबवलं नव्हतं. आपण फक्त काठावरून उठून गेलो होतो.

सहा वाजून गेल्यावर मोरीतला नळ फुसफुसला. बायकांपैकी कुणी हललं नाही. अशा घरात पाण्याला कोण उठणार. पार्वतीबाई भिंतीला धरून उठल्या.

"बसा तुम्ही, आत्या," धोंडूबाई म्हणाली. "मी बघते."

"उद्या पाणी जास्त लागेल," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः पिंपाखाली नळी लावली. एक भरेपर्यंत त्या शेजारी उभ्या राहिल्या. मग दुसऱ्याला लावली.

दिवा लागल्यावर त्यांनी वही मागितली. निशानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, पण आणून दिली. दुपारच्या शेवटच्या ओळीखाली, 'अजून आला नाही' याच्याखाली, पार्वतीबाईंनी पेन टेकवलं. शाईचा एक ठिपका पसरला. मग त्यांनी लिहिलं:

संध्याकाळी नळ ६.०५ ला आला, ६.५० ला गेला. दोन्ही पिंपे भरून ठेवली.